वीर किती दिवसांत मोठा होतो?

कादंबरी लिहिणाऱ्याला एक सोय असते. नायकाला मोठा करावयाचा असला की तो नव्या प्रकरणाच्या आरंभी 'दहा वर्षे लोटली' एवढे लिहितो, आणि पाटीवर अक्षरे गिरवणारे पोर एकदम कोर्टात वकिली करू लागते. मधल्या दहा वर्षांत त्याने किती मार खाल्ला, किती रात्री जागून काढल्या, हे वाचक विचारीत नाही. मी ही सोय पुष्कळदा वापरली आहे आणि तिच्याबद्दल मला लाज वाटत नाही. परंतु गोष्ट सांगण्याचा एक प्रकार जगात असा निघाला आहे, की तेथे ही सोय चालत नाही. तेथे नायकाच्या मोठेपणाचा जमाखर्च वाण्याच्या खतावणीसारखा रोजच्या रोज मांडावा लागतो. आणि तो कसा मांडावा यावरून गेली पन्नास वर्षे शहाणीसुरती माणसे भांडत आली आहेत.

हा प्रकार म्हणजे 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ आणि त्याच्या पोटी जन्मलेली भावंडे. आपल्याकडच्या शहरांतल्या तरुण मुलांना तो आता चांगला ठाऊक आहे. वडीलधाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. चारपाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण पंच होतो. बाकीचे एकेक पात्र घेतात : कोणी लढवय्या, कोणी जादूगार, कोणी पुरोहित, तर कोणी चक्क चोर. पंच सांगतो, "तुम्ही एका पडक्या गढीच्या दाराशी उभे आहात. आतून काहीतरी घासत गेल्याचा आवाज येतो. काय करता?" ज्याने त्याने आपापल्या पात्राच्या वतीने उत्तर द्यावयाचे. जेथे निकालाची शंका असेल तेथे फासे टाकावयाचे. पट नाही, घरे नाहीत. कोणी जिंकत नाही, कोणी हरत नाही. रात्र झाली की खेळ थांबतो आणि पुढच्या आठवड्यास तेथूनच पुढे सुरू होतो.

जिंकणे नाही तर मग लोक पुन्हापुन्हा येतात कशासाठी? एक तर गोष्टीसाठी. दुसरे म्हणजे पात्र वाढते म्हणून. जो संकटातून जिवंत परततो त्याला 'अनुभवाचे गुण' मिळतात; ते साठत साठत ठराविक आकड्यास पोचले की पात्र एक पायरी वर चढते. अंगात बळ येते, जादूगाराला नवे मंत्र येतात, घाव सोसण्याची ताकद वाढते. एका पायरीवरून दुसरीवर जाण्यास किती बैठका लागाव्यात, एवढाच काय तो प्रश्न. दिसावयास तो क्षुल्लक आहे. पण या प्रश्नाला निरनिराळ्या काळी मिळालेली उत्तरे एकाशेजारी एक ठेवली, तर माणसांना एकमेकांसाठी किती वेळ मिळतो असे खेळ रचणाऱ्यांना वाटत होते, तेच त्यांतून वाचता येते. म्हणून हा इतिहास सांगण्याजोगा आहे, असे मला वाटते.

आरंभ युद्धाच्या खेळापासून केला पाहिजे. प्रशियाच्या दरबारी राइसविट्झ नावाच्या गृहस्थाने १८१२ साली आणि पुढे त्याच्या मुलाने १८२४ साली लष्करी अधिकाऱ्यांसाठी एक खेळ रचला. नकाशा, ठोकळे, फासे आणि निवाडा करणारा पंच, असे त्याचे साहित्य होते. ज्यांच्या कल्पनेतून मंगळावरची स्वारी निघाली ते एच. जी. वेल्स यांनीही १९१३ साली खेळण्यातल्या शिपायांच्या लढाईचे नियम पुस्तकरूपाने छापले. या सर्व खेळांत शिपाई मरतो किंवा वाचतो. तिसरे काही त्याच्या नशिबी नसते. आज ज्याने तीन पलटणी परतवल्या तोही उद्या पेटीतून निघतो तो इतरांसारखाच साधा शिपाई. सेनापतीला अनुभव येतो, पण तो टेबलाबाहेर असतो.

अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात, मिनियापोलिस आणि सेंट पॉल या जुळ्या शहरांत, असे खेळ खेळणाऱ्या तरुणांचे एक मंडळ होते. त्यांतील डेव्हिड वेझली याने साठोत्तरी दशकाच्या अखेरीस एक निराळाच डाव मांडला : प्रत्येक गड्याला सैन्याऐवजी एकेकच माणूस दिला. त्याच मंडळातल्या डेव्ह आर्नेसनने ही कल्पना उचलून १९७१ च्या सुमारास ब्लॅकमूर नावाची एक काल्पनिक सरदारी आणि तिच्या किल्ल्याखालची भुयारे उभी केली. आर्नेसन इतिहासाचा विद्यार्थी होता आणि पोटासाठी पहारेकऱ्याची नोकरी करीत होता. त्याच्या टेबलावर जी गोष्ट घडली ती आज आपल्याला अगदी साधी वाटेल. भुयारातून वाचून आलेला माणूस पेटीत टाकण्यास खेळणारे तयार होईनात. 'हा माझा आहे, पुढच्या खेपेस मी यालाच घेणार,' असे म्हणू लागले. आणि माणूस तोच राहणार असेल तर तो काल जेवढा होता तेवढाच आज कसा असेल?

हिशेबाला एक मोजमाप आयतेच मिळाले. विस्कॉन्सिन राज्यात लेक जिनीव्हा नावाचे तळ्याकाठचे गाव आहे. तेथील गॅरी गायगॅक्स याने जेफ पेरेन या मित्रासह १९७१ साली 'चेनमेल' नावाचे मध्ययुगीन लढाईचे नियम छापले होते. त्यात शेवटी राक्षस, चेटके आणि वीर यांची पुरवणी होती. 'वीर' म्हणजे चार माणसांच्या बळाचा आणि 'महावीर' म्हणजे आठ माणसांच्या बळाचा, असे तेथे ठरवून टाकले होते. एक, चार, आठ. मधल्या जागा तेवढ्या भरावयाच्या राहिल्या होत्या. पुढे १९७४ च्या नियमांत लढवय्याच्या चौथ्या पायरीचे नाव 'वीर' आणि आठवीचे 'महावीर' पडले, ते येथून.

गायगॅक्स हा गृहस्थ मला मोठा लोभस वाटतो. शिकागोच्या एका विमा कंपनीतली त्याची नोकरी १९७० साली गेली. घरात बायकोमुले. तेव्हा त्याने तळघरात जोडे दुरुस्त करण्याचे काम सुरू केले, आणि उरल्या वेळात खेळांचे नियम लिहिले. आर्नेसनने १९७२ च्या अखेरीस लेक जिनीव्हास येऊन त्याला आपला खेळ दाखविला. गायगॅक्स त्या खेळाने झपाटला. त्याने आपले स्वतःचे भुयार रचले, आणि त्यात सर्वांत आधी उतरली ती त्याचीच दोन मुले, अर्नी आणि एलिस. दोघांनी मिळून बांधलेला हा खेळ १९७४ च्या जानेवारीत लाकडी वाटावी अशा तपकिरी पेटीत, तीन लहान पुस्तिकांच्या रूपाने, १० डॉलर किमतीस विकावयास निघाला. प्रती १,०००. पेट्या हातांनीच भरलेल्या.

त्या पुस्तिकेतील लढवय्याचे कोष्टक मी मुद्दाम येथे देतो, कारण आमच्या या साऱ्या कथेचा गाभा त्यात आहे. दुसऱ्या पायरीस २,००० गुण, तिसरीस ४,०००, चौथीस ८,०००, मग १६,०००, ३२,०००, ६४,०००. आठवीस १,२०,००० आणि नववीस, जेथे त्याला 'लॉर्ड' म्हणजे सरदार ही पदवी मिळते, २,४०,०००. बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असे बक्षीस मागून राजाचे कोठार रिते करणाऱ्या शहाण्याची गोष्ट आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. येथे तोच हिशेब आहे. फक्त दाणे मागणाऱ्याला ते स्वतःच वेचून आणावे लागतात.

पहिल्या नजरेला हे दुपटीचे कोष्टक निष्ठुर दिसते. प्रत्येक पायरी आधीच्या सर्व पायऱ्यांच्या बेरजेइतकी उंच! पण थोडे पेन्सिल-कागद घेऊन बसा. समजा, पाचांचा कंपू चौथ्या पायरीवर आहे, म्हणजे प्रत्येकाजवळ ८,००० गुण आहेत. त्यातल्या एकाचा लढवय्या मेला. या खेळात मरण स्वस्त होते. भुयारात पाय चुकला की संपले. त्याने नवा लढवय्या घेतला तो अर्थातच पहिल्या पायरीवर, शून्य गुणांचा. बिचारा किती मागे पडला! आता कंपू पाचव्या पायरीस जाण्यासाठी आणखी ८,००० गुण मिळवतो. लुटीचा वाटा सारखा असेल आणि नवा गडी मधल्या काळात जिवंत राहिला, तर त्याच्याजवळही ८,००० गुण झाले. म्हणजे इतर पाचवीत गेले तेव्हा हा चौथीत येऊन बसला. शून्यापासून आरंभ करून तो एकाच पायरीने मागे राहिला.

हे कळले तेव्हा मी वहीवर दोनतीनदा आकडे फिरवून पाहिले. तिन्ही वेळा तेच आले. गणिताच्या अंगाने निर्दय दिसणारे कोष्टक टेबलावर मात्र दयाळू होते. उशिरा येणारा, मेलेला, मधे चार महिने आजारी पडलेला, कोणीही पुन्हा येऊन बसू शकत होता. वरच्यांचा वेग मंदावत जाई, म्हणून खालच्यांना गाठता येई. आमच्या गावच्या तालमीत जुने पहिलवान नव्या पोराशी धरताना आपले अर्धे बळ आवरून धरतात. त्याची मला आठवण झाली. फरक एवढाच, की येथे ते बळ आवरण्याचे काम कोष्टकच करीत होते.

सर्व धंद्यांना मात्र एकच जिना नव्हता. पुरोहित दुसऱ्या पायरीस १,५०० गुणांत पोचे, जादूगाराला २,५०० लागत. चोर हा धंदा १९७५ च्या 'ग्रेहॉक' या पुरवणीत आला. त्याला १,२०० पुरत. चोर सर्वांत लवकर वर जातो हा अनुभव काही फक्त त्या खेळातलाच नव्हे. असो. जादूगाराची गोष्ट निराळी होती. आरंभी त्याला दिवसाकाठी एकच मंत्र म्हणता येई. तो म्हणून झाला की उरलेला दिवस त्याने सोबत्यांच्या मागे लपून काढावा. ज्याला हे सोसत असे त्याला पुढे, फार पुढे, असे सामर्थ्य येई की लढवय्ये त्याच्याकडे आदराने पाहत.

आणखी एक नियम होता, आणि त्याबद्दल मी गायगॅक्सला अजून क्षमा करू शकलेलो नाही. माणसाच्या पात्राला पायऱ्यांची मर्यादा नव्हती. परंतु तुम्ही बुटका खाणकरी म्हणजे 'ड्वार्फ' घेतलात, तर १९७४ च्या नियमाप्रमाणे सहाव्या पायरीवर जिना संपला; 'हॉबिट' घेतलात तर चौथ्यावर. मग तुम्ही शंभर संकटांतून तरून या की हजार. गायगॅक्सचे म्हणणे असे, की जग माणसांचेच राहिले पाहिजे. इतर जातींना जन्मतः काही अंगचे गुण दिलेले आहेत, तेव्हा एवढा अटकाव हवाच. खेळाचा तोल म्हणून ते ठीक असेल. पण जन्मावरून बढतीची हद्द ठरवणे म्हणजे काय, हे महाराष्ट्रातल्या माणसाला कोणी समजावून सांगावयास नको. ही हद्द पुढे थोडीफार सैल होत गेली; पुरती उठली ती २००० साली. म्हणजे कल्पनेतल्या बुटक्यालाही सव्वीस वर्षे थांबावे लागले.

आता गुण मिळत कशाचे? राक्षस मारल्याचे मिळत, पण मुख्यतः सोन्याचे. भुयारातून सोन्याचे एक नाणे बाहेर आणले की एक गुण. हे ऐकून पुष्कळांना हसू येते; पैसा मिळाल्याने तलवार चालवण्यात माणूस तरबेज कसा होईल? परंतु या नियमाने खेळणाऱ्यांच्या वागण्याला जे वळण लावले ते पाहण्यासारखे आहे. राक्षसाशी लढणे धोक्याचे आणि त्यात गुण थोडे. सोने पळवणे हुशारीचे आणि त्यात गुण फार. तेव्हा शहाणे लोक लढाई टाळीत, राक्षसाला झोपवीत, त्याला लाच देत, दुसऱ्या वाटेने जात. शिवाय मोठ्याने लहानाला मारून मोठे होऊ नये याचीही तजवीज होती : आठव्या पायरीच्या माणसाने पाचव्या प्रतीचा राक्षस मारला तर गुण पाच-अष्टमांशच मिळावेत. एका मोहिमेत एकाहून अधिक पायऱ्या चढू देऊ नयेत, अशीही शिफारस होती. आरंभी राक्षसाच्या प्रत्येक प्रतीमागे १०० गुण सांगितले होते. वर्षभरातच, त्याच 'ग्रेहॉक' पुरवणीत, तो दर खाली ओढला. अगदी खालच्या प्रतीच्या राक्षसाला १०० च्या जागी १० गुण राहिले.

दर का ओढावा लागला? कारण देशभरातून भलत्याच बातम्या येऊ लागल्या होत्या. खेळ पेटीतून परगावी गेला, आणि प्रत्येक गावचा पंच आपापल्या उदारपणाप्रमाणे सोने वाटू लागला. महिन्यादोन महिन्यांत कोणाचा वीर तिसाव्या पायरीवर, कोणाचा चाळिसाव्या. अशा पंचांना एक टोपणनावही पडले : दूरचित्रवाणीवर दारामागची बक्षिसे वाटणाऱ्या माँटी हॉल नावाच्या सूत्रधाराच्या नावावरून 'माँटी हॉल' पंच.

गायगॅक्सने १९७६ च्या एप्रिलमध्ये 'स्ट्रॅटेजिक रिव्ह्यू' या आपल्या पत्रिकेत याला जाहीर उत्तर दिले. त्यात त्याने प्रथमच वेगाचा आकडा सांगितला. वर्षाला ५० ते ७५ बैठका खेळणारा बरा खेळाडू, जगला वाचला तर, वर्षाअखेर नवव्या ते अकराव्या पायरीवर असावा. दुसऱ्या वर्षी आणखी दोन-तीन पायऱ्या. आणि विसावी पायरी दिसण्यास चार ते पाच वर्षे लागावीत. ब्लॅकमूर तेव्हा पाच वर्षे चालू होते आणि त्याचे स्वतःचे ग्रेहॉक चार वर्षे. या दोन्हींत चौदाव्या पायरीच्या वर गेलेला एकही माणूस आपल्याला ठाऊक नाही, असे त्याने लिहिले.

याच सुमारास, १९७६ सालीच, देव-देवतांची बळे आकड्यांत मांडणारे 'गॉड्स, डेमी-गॉड्स अँड हीरोज' हे पुस्तक निघाले. संपादक टिम कास्क याने प्रस्तावनेत हेतू उघड करून टाकला : प्रत्यक्ष देवांचे आकडे एवढेसे आहेत हे पाहून तरी चाळिसाव्या पायरीपलीकडच्या सरदारांना आपल्या बढाईची शरम वाटावी. त्या पुस्तकात आपल्या देवांवरही एक प्रकरण आहे. इंद्राला आकड्यांत बसवलेला पाहून आपल्या आजीने काय म्हटले असते, हा विचार बाजूला ठेवू. पण कास्कचा डाव फसला. देवांचे आकडे छापून आल्यावर उदार पंचांच्या शिष्यांनी शरमून जाण्याऐवजी देवांनाच मारण्याच्या मोहिमा काढल्या. आपल्या पुराणांतले असुरही वर मिळाल्यावर हेच करीत आलेले आहेत. कास्कने ती वाचली असती तर असले पुस्तक काढताना दोनदा विचार केला असता.

गायगॅक्सने पुढचा उपाय केला तो मात्र आमच्या धंद्यातला. १९७९ च्या पंचांसाठीच्या जाडजूड ग्रंथात त्याने नियम घातला, की गुण पुरे झाले म्हणून पायरी मिळणार नाही. शिक्षण घ्यावे लागेल. पंचाने प्रत्येक बैठकीत पात्राच्या वागण्यास उत्कृष्ट, चांगले, बरे, वाईट असे चारांपैकी एक शेरे द्यावयाचे. त्यांची सरासरी काढावयाची. उत्कृष्टाला एक आठवडा शिक्षण पुरे, वाईटाला चार. आणि फी? पायरीच्या आकड्याला १,५०० सोन्याच्या नाण्यांनी गुणावयाचे, दर आठवड्यास. हा नियम वाचून मी मनापासून हसलो. हजेरी, शेरे, सरासरी आणि महागडी शिकवणी! भुयारे आणि ड्रॅगन यांच्यामध्ये गायगॅक्सने अखेर शाळा उघडलीच. पुष्कळ टेबलांवर हा नियम गुपचूप बाजूला ठेवला जाई. शाळेचे नशीब सगळीकडे सारखेच.

इकडे पश्चिम किनाऱ्यावर निराळे वारे वाहत होते. कॅलिफोर्नियात बर्कले येथे १९६६ साली मध्ययुगाची हौस असणाऱ्यांची एक मंडळी स्थापन झाली होती. हे लोक चिलखते घालून, वेताच्या तलवारी घेऊन खरोखर झुंजत. त्यांच्यातला स्टीव्ह पेरिन आणि त्याचे मित्र यांनी १९७८ साली 'रूनक्वेस्ट' हा खेळ रचला. ज्याने मनगट दुखेपर्यंत तलवार फिरवली आहे त्याला सोने आणल्याने तलवार येते हे पटणे शक्यच नव्हते. रूनक्वेस्टमध्ये पायऱ्याच नाहीत. जे कसब वापरून यश मिळवाल त्यावर खूण करावयाची, आणि मोहीम संपल्यावर फासे टाकावयाचे. आता गंमत पाहा : शंभरांत तीस गुणांचे कसब असेल तर फाशावर तिसाच्या वर यावे लागते, नव्वद गुणांचे असेल तर नव्वदाच्या वर. म्हणजे जितके येते तितके पुढचे शिकणे अवघड. तंबोऱ्यापाशी वीस वर्षे बसलेल्या कोणालाही विचारा. या नियमाला तो मान डोलवील.

इलिनॉय राज्यातील मार्क मिलरने १९७७ साली 'ट्रॅव्हलर' हा अंतराळप्रवासाचा खेळ काढला, तो तर बढतीच्या कल्पनेलाच पाठ फिरवून. यात पात्र अठराव्या वर्षी नौदलात, लष्करात किंवा व्यापारी जहाजावर भरती होते आणि चारचार वर्षांच्या मुदती काढते. कसब जे शिकावयाचे ते त्या मुदतींत. चौतिसाव्या वर्षापासून शरीर उतरणीस लागण्याचे फासे सुरू. नोकरी सोडली की खेळाला आरंभ. त्यानंतर नवे शिकणे जवळजवळ नाहीच. जे येते त्यावर भागवावयाचे. एखाद्या मुदतीत फासे उलटे पडले तर माणूस खेळ सुरू होण्यापूर्वीच मरे, याची लोक अजून थट्टा करतात. चाळिशी ओलांडलेल्या मला या खेळाबद्दल विशेष आपुलकी वाटते, हे वेगळे सांगणे नको.

पण या सर्वांत मला जो खेळ मनाला लागला तो ग्रेग स्टॅफर्डचा 'पेनड्रॅगन'. तो १९८५ साली आला. राजा आर्थर आणि त्याचे सरदार हा विषय. बाकीच्या खेळांत एका मोहिमेमागून दुसरी लागते. पुष्कळदा सोळा वर्षांचे पोर त्याच उन्हाळ्यात महावीर होऊन बसते. स्टॅफर्डने ठरवले की साधारणपणे एका वर्षात एकच मोहीम. ती संपली की हिवाळा येतो. सरदार आपल्या जहागिरीत परततो. पीक कसे आले? घोडा जगला का? लग्न ठरले का? मूल झाले का, आणि झाले तर हिवाळ्यातून तगले का? या साऱ्याचे फासे. १,००० कीर्तीगुण जमले की अंगचा एक गुण वाढवावयाचा. पण पस्तिशीनंतर दर हिवाळ्यात वार्धक्याचेही फासे पडतात आणि कमावलेले एकेक गळू लागते. मग एक दिवस सरदार मरतो किंवा थकतो, आणि खेळणारा त्याच्या मुलाचे पात्र घेतो. बापाच्या कीर्तीचा काही अंश मुलाला मिळतो. बाकी पुन्हा आरंभापासून. या खेळाची थोरली मोहीम २००६ साली ग्रंथरूपाने निघाली, तीत सुमारे ८० वर्षांचा काळ आहे. एका टेबलावर आजोबा, बाप आणि नातू असे तिघे एकाच खेळणाऱ्याच्या हातून जगून होतात. 'दहा वर्षे लोटली' ही आमची सोय येथे कोणालाच नाही. एकेक वर्ष लोटलेले दिसते.

पुन्हा मुख्य वाटेवर येऊ. गायगॅक्सची कंपनी अडचणीत येऊन १९९७ साली 'विझार्ड्स ऑफ द कोस्ट' या कंपनीच्या हाती गेली. तिने २००० साली तिसरी आवृत्ती काढली. सर्व धंद्यांना एकच कोष्टक झाले, सोन्याचे गुण गेले, आणि वेग स्पष्टपणे आखून दिला : बरोबरीच्या सुमारे तेरा झटापटी झाल्या की एक पायरी. पहिलीवरून विसावीस जाण्यास एकोणीस पायऱ्या चढावयाच्या, म्हणजे झटापटी २४७. एका बैठकीत चार होतात असे धरले तर बैठका ६२. गायगॅक्सने १९७६ साली साधारण एवढ्याच बैठकांत माणूस नवव्या ते अकराव्या पायरीवर पोचेल असे सांगितले होते. तेवढ्याच बैठकांत आता विसावी! पाचवी आवृत्ती २०१४ साली आली. तिच्या पंचांच्या ग्रंथात गुण न मोजता बैठका मोजण्याची जी तोड सुचवली आहे तिच्याप्रमाणे पहिल्या बैठकीअखेर दुसरी पायरी, दुसऱ्या बैठकीअखेर तिसरी, आणखी दोन बैठकांनी चौथी, आणि पुढे दर दोन-तीन बैठकांना एकेक. बेरीज करा : ३६ ते ५२ बैठका. चारपाच वर्षांचा जिना आता वर्षाच्या आत येऊन बसला.

जुने खेळाडू याला पोरकटपणा म्हणतात. नव्यांना कष्ट नकोत, सगळे ताबडतोब हवे, वगैरे. काहींनी तर १९७९ च्या नियमांचीच नवी मांडणी करून २००६ साली 'ऑस्रिक' नावाने प्रसिद्ध केली, आणि त्या धिम्या कोष्टकावर ते आजही खेळतात. मला त्यांचा आक्षेप अर्धाच पटतो. १९७६ चा खेळणारा बहुधा शाळा-कॉलेजातला होता. लेक जिनीव्हाच्या लांब हिवाळ्यात त्याच गावात, त्याच मित्रांत त्याच्या संध्याकाळी जात. विसाव्या पायरीस पाच वर्षे लागतील असे सांगताना गायगॅक्सने हेही धरून चालले होते, की पाच वर्षांनीही ही मंडळी याच टेबलाभोवती असतील. २००० साली कोष्टक आखणाऱ्याला तसे धरता येत नव्हते. पोर आळशी झाले म्हणून जिना आखूड केला, असे मला वाटत नाही. जिना पुरा होईपर्यंत घर टिकेल की नाही याचा भरवसा राहिला नव्हता.

माझा भाचा पुण्यास असतो. तो आणि त्याचे चार मित्र दर शनिवारी रात्री खेळत, आणि गेल्या वर्षी मी तीनचार शनिवार त्यांच्यात जाऊन बसलो. मला त्यांनी 'मामा, तुम्ही पुरोहित व्हा' म्हणून एक पात्र दिले; ते दुसऱ्या शनिवारी कोळ्याच्या विषाने मेले आणि मला फार वाईट वाटले. ही मुले पायरीचे गुण मोजीतच नाहीत. गोष्टीत काही मोठे घडले की पंच म्हणतो, "चला, सगळे एक लेव्हल वर." मी विचारले, "मग मोठे घडले हे ठरवतो कोण?" पंच झालेला मुलगा म्हणाला, "मामा, खरं सांगू का? कोण कधी गाव सोडणार आहे ते बघून मी ठरवतो."

त्यांच्यातला एक जण जूनमध्ये नोकरीसाठी बंगळूरला जाणार होता. त्याचा जादूगार तेव्हा आठव्या पायरीवर होता, आणि नवव्या पायरीला मिळणारा एक मंत्र त्याला पहिल्या दिवसापासून हवा होता. मेच्या शेवटच्या शनिवारी पंचाने झटापट थोडी आटोपती घेतली, गढीचा दरवाजा दोन खोल्या अलीकडे आणला, आणि रात्री दीडच्या सुमारास सगळ्यांना एक लेव्हल वर नेले. त्या मुलाने मंत्र एकदाच म्हटला. नंतर त्याने आपल्या पात्राचा कागद पंचाकडे दिला. तो आता भाच्याच्या कपाटात, प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये, माझ्या मेलेल्या पुरोहिताच्या कागदाखाली ठेवलेला आहे. या दिवाळीत तो मुलगा चार दिवस पुण्यास येणार आहे, असे कळते.